कुबेराची वेदना आणि कोडीनची गोळी

७ जुलै १९४६ हा रविवार होता. लॉस एंजेलिसलगतच्या बेव्हर्ली हिल्स या धनिकांच्या वस्तीवर सायंकाळी एक लष्करी विमान वेगाने खाली येऊ लागले. एक्सएफ-११ या टेहळणी विमानाचे ते पहिलेच चाचणी उड्डाण होते आणि ते चालवत होते त्याचे निर्माते हॉवर्ड ह्यूज. ठरल्यापेक्षा अधिक काळ ते हवेत राहिले होते. तेलगळतीमुळे उजवीकडच्या मागील पंख्याची पाती उलट फिरली आणि विमान एका बाजूला खेचले गेले. जवळच्या गोल्फ मैदानावर ते उतरवण्याचा ह्यूज यांचा प्रयत्न फसला. काही घरांची छपरे उडवत विमान कोसळले आणि त्याने पेट घेतला. मरीन दलातील विल्यम डर्किन या सार्जंटने त्यांना आगीतून ओढून काढले.

ह्यूज यांच्या गळपट्टीच्या हाडाचा चुरा झाला होता, अनेक बरगड्या मोडल्या होत्या, डावे फुप्फुस निकामी होऊन हृदय उजवीकडे ढकलले गेले होते आणि अंग ठिकठिकाणी खोलवर भाजले होते. ते जगतील असे कोणाला वाटत नव्हते, पण ते जगले. रुग्णालयात पडल्यापडल्या त्यांनी कारखान्यातील अभियंत्यांकरवी स्वत:साठी नव्या पद्धतीची, तुकड्यातुकड्यांनी हलवता येणारी खाट तयार करवून घेतली. वरच्या ओठावरचा व्रण झाकण्यासाठी मिशी राखली. एप्रिल १९४७ मध्ये त्याच जातीचे दुसरे विमान घेऊन ते पुन्हा आकाशात गेले. जगाला दिसला तो हा पराक्रम. त्या रुग्णालयातून ह्यूज यांच्यासोबत बाहेर पडलेली दुसरी गोष्ट मात्र कोणाच्या नजरेस आली नाही. असह्य वेदनांवर त्यांना आधी मॉर्फिन देण्यात आले होते. पुढे त्याच्या जागी त्याच कुळातले पण सौम्य मानले जाणारे कोडीन आले आणि पुढची ३० वर्षे ते त्यांच्या आयुष्यातून गेले नाही.

ह्यूज यांचा जन्म १९०५ साली टेक्सास राज्यात झाला. वडिलांनी खडक फोडून तेलविहिरी खोदणाऱ्या शंकूच्या आकाराच्या छिन्नीचे पेटंट १९०९ मध्ये मिळवले होते. ही छिन्नी विकण्याऐवजी भाड्याने देण्याची त्यांची युक्ती ह्यूज टूल कंपनीला अखंड पैसा पुरवत राहिली. आई मुलाच्या प्रकृतीबाबत कमालीची धास्तावलेली असे. रोगजंतूंची पुढे ह्यूज यांना ग्रासून राहिलेली भीती तेथूनच आली असावी, असे त्यांच्या चरित्रकारांना वाटते. आई १९२२ मध्ये आणि वडील १९२४ मध्ये वारले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यायालयाकडून सज्ञान ठरवून घेऊन या पोरक्या मुलाने नातलगांचे समभाग विकत घेतले आणि कंपनीचा एकमेव मालक होऊन हॉलिवूडचा रस्ता धरला.

चित्रपट काढायचे, विमाने उडवायची आणि दोन्हींत आपलेच खरे करायचे, असा त्यांचा खाक्या होता. १९३० साली प्रदर्शित झालेल्या ‘हेल्स एंजल्स’साठी त्यांनी खरी लढाऊ विमाने जमवली. चित्रीकरणादरम्यान स्वत: विमान चालवताना ते कोसळून जखमी झाले, तो त्यांचा पहिला मोठा अपघात. १९३५ मध्ये स्वत: घडवून घेतलेल्या एच-१ या विमानातून त्यांनी ताशी ३५२ मैलांचा वेगविक्रम केला. जुलै १९३८ मध्ये चार सहकाऱ्यांसह ९१ तास १७ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आधीच्या विक्रमाच्या निम्म्याहून कमी वेळ त्यांना लागला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांच्या स्वागताला लाखोंची गर्दी लोटली. १९३९ पासून टीडब्ल्यूए या विमान कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात मुंबईपर्यंत येऊ लागलेली अमेरिकी विमाने याच कंपनीची होती. १९४३ मध्ये लेक मीड जलाशयावर त्यांचे उभयचर विमान बुडाले. त्यात दोघांचा बळी गेला, ह्यूज यांच्या डोक्याला मार लागला. २ नोव्हेंबर १९४७ रोजी लाँग बीच बंदरात त्यांनी सुमारे ९८ मीटर पंखविस्ताराचे लाकडी जलविमान जेमतेम एक मैलभर उडवून दाखवले. ते पुन्हा कधीच उडाले नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द एव्हिएटर’ हा २००४ चा चित्रपट या उड्डाणाशीच थांबतो. पडद्यासाठी ते सोयीचेही आहे, कारण त्यानंतरची कथा बहुतांशी बंद खोल्यांतली आहे.

अपघातानंतर ह्यूज यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. व्हर्न मेसन हे प्रमुख होते. विदर्भ आणि खानदेशातील आदिवासी पट्ट्याला दुर्दैवाने चांगल्याच परिचित असलेल्या सिकलसेल आजाराला हे नाव देणारे हेच ते मेसन. १९२२ मधील त्यांच्या लेखातून ते रूढ झाले. म्हणजे ह्यूज कोणा भोंदूच्या हाती सापडले नव्हते. मरणाच्या दारातल्या माणसाला मॉर्फिन देणे तेव्हाही योग्य होते, आजही योग्य ठरेल. जखमा भरत आल्यावर सौम्य औषधाकडे वळवणे हाही वैद्यकशास्त्राला धरूनच घेतलेला निर्णय होता. चूक झाली ती नंतर. हे औषध कधी आणि कसे थांबवायचे, हे कोणी ठरवलेच नाही. वेदना मात्र खरी होती. चुरा झालेली हाडे, भाजून आखडलेली कातडी आणि डोक्याला वारंवार बसलेले मार यांनी त्या माणसाला पुढे कधी स्वस्थ झोपू दिले नसेल, यात शंका घ्यायला जागा नाही.

कोडीन हे अफूपासून मिळणारे द्रव्य आहे. ते स्वत: फारसे वेदनाशामक नसते. यकृतातील एक विकर त्याच्या थोड्या अंशाचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते आणि वेदना कमी करण्याचे काम मुख्यत: ते मॉर्फिन करते. हे विकर काहींच्या शरीरात मंद असते, त्यांना गोळीचा गुण येत नाही. काहींच्या शरीरात ते अतिवेगवान असते आणि त्यांना नेहमीची मात्राही विषासारखी बाधू शकते. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला, त्यामागे हेच कारण होते. नियमित सेवनाने शरीर या द्रव्याला सरावते. काल एका गोळीने भागत होते, तेथे आज दोन लागतात. एकाएकी थांबवल्यास घाम, जुलाब, अंगदुखी, निद्रानाश आणि जिवाची तगमग सुरू होते. शरीर असे सरावणे म्हणजे लगेच व्यसन नव्हे, हा फरक डॉक्टर आवर्जून करतात. त्यामुळे काही आठवडे अशी गोळी घेतलेल्या रुग्णाने ती मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. ह्यूज यांच्या बाबतीत हा उताराचा टप्पा कधी आलाच नाही, फक्त चढ होता.

ह्यूज यांनी दीर्घकाळ घेतलेल्या गोळीत एकटे कोडीन नव्हते. ‘एम्पिरिन कंपाउंड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या मिश्रणात कोडीनसोबत ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन असे. या शेवटच्या तीन द्रव्यांच्या आद्याक्षरांवरून बनलेली ‘एपीसी’ची गोळी जुन्या पिढीच्या वाचकांना सरकारी दवाखान्यातून आठवत असेल. मिश्रणामागचा विचार तर्कशुद्धच होता. निरनिराळ्या मार्गांनी वेदना शमवणारी औषधे एकत्र दिली की प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते. आजही कोडीन, हायड्रोकोडोन किंवा ट्रॅमाडोल पॅरासिटामॉलसोबत एका गोळीत बांधले जाते, ते याच हिशेबाने.

हा हिशेब रुग्ण ठरलेल्या मात्रेत राहील तोवरच जुळतो. अफूजन्य घटकाला शरीर सरावते आणि हात दुसऱ्या, तिसऱ्या गोळीकडे जातो. त्या प्रत्येक गोळीबरोबर जोडीदार औषधही पोटात जाते आणि त्याच्या विषारीपणाला शरीर सरावत नाही. एपीसीच्या नेहमीच्या गोळीत १६२ मिलिग्रॅम फेनासेटिन असे. एखाद्याने दिवसाला २० गोळ्या घेतल्या तर रोजचे सव्वातीन ग्रॅम आणि वर्षाचे किलोहून अधिक फेनासेटिन होते. ते मूत्रपिंडातून गाळले जात असता आतल्या नाजूक ऊतींचा हळूहळू नाश करते. दुखत नाही, जाणवत नाही आणि लक्षात येते तेव्हा मूत्रपिंडे आक्रसलेली असतात. स्वित्झर्लंडमधील स्प्यूलर आणि झोलिंगर या डॉक्टरांनी १९५३ मध्येच वेदनाशामकांचा सततचा वापर आणि मूत्रपिंडाचा हा विकार यांची सांगड घातली होती. अमेरिकेत १९६४ मध्ये फेनासेटिनच्या वेष्टनावर मूत्रपिंडाच्या धोक्याचा इशारा आला. ह्यूज यांचे गोळ्यांचे डबे तरीही रिकामे होत राहिले.

इशारा वाचून मालकाला थांबवणार कोण, हा खरा प्रश्न होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूज लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलच्या वरच्या मजल्यावर उतरले. त्याच वर्षी टीडब्ल्यूएमधील हिस्सा विकून त्यांच्या हाती ५४ कोटी ६० लाख डॉलर आले होते. हॉटेलवाल्यांनी खोल्या मोकळ्या करायला सांगितल्यावर त्यांनी हॉटेलच विकत घेतले. पडदे सदैव ओढलेले असत. अंथरुणाभोवती कागदी रुमालांचे ढीग पडलेले असत, कारण रुमालात धरल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही आणि तशाच पद्धतीने ती त्यांना द्यायची, असे दंडक होते. केस आणि नखे वाढलेली, जेवणाची शुद्ध नाही, तेच चित्रपट रात्र रात्र पुन्हा पुन्हा पाहणे चाललेले. मंत्रचळाच्या या विकाराकडे आजचा मनोविकारतज्ज्ञ उपचार करण्याजोगा आजार म्हणून पाहील. तेव्हा तो धन्याचा लहरीपणा मानून सांभाळला गेला. भोवतीचे सहायक पगारी होते आणि डॉक्टरही पगारीच होते. औषध मागितले की मिळे. कोडीन ते स्वत:च्या हाताने टोचूनही घेत. त्याच्या जोडीला डायझेपाम ही गुंगीची गोळीही बराच काळ होती.

ही जोडी सर्वांत घातक. अफूजन्य औषध मेंदूतील श्वासोच्छ्वासाच्या केंद्राला मंद करते, झोपेची किंवा चिंतेवरची गोळीही तेच करते आणि मद्यही तेच करते. दोन्हींची मात्रा एकेकटी सोसणारा माणूस दोन्ही एकत्र घेतल्यावर झोपेतच श्वास थांबून जाऊ शकतो. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या औषधांच्या वेष्टनावर याविषयी सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. वेदनाशामक लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपल्या झोपेच्या गोळीबद्दल आणि मद्यपानाबद्दल खरे सांगणे रुग्णाच्या हिताचे असते, ते यामुळेच. ह्यूज यांचे वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठही याच औषधाच्या खात्यावर जमा होते. तासन् तास ते शौचालयात बसून राहत, असे त्यांच्या सेवकांनी नंतर सांगितले. आज डॉक्टर अशा गोळीसोबत बहुधा सारकही लिहून देतात. रुग्ण मात्र ते फालतू समजून पुष्कळदा घेत नाहीत.

१९७० मध्ये ह्यूज यांनी लास व्हेगास सोडले आणि मग बहामा, निकाराग्वा, कॅनडा, लंडन अशी भ्रमंती सुरू झाली. डिसेंबर १९७२ च्या भूकंपाने मानाग्वा शहर जमीनदोस्त झाले तेव्हा ते तेथील हॉटेलातच होते. १९७३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये या माणसाने अचानक उठून केस कापून घेतले, कपडे चढवले आणि बारा-तेरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा विमान चालवले. या उभारीने जवळचे लोक चकित झाले. ती टिकली नाही. त्याच वर्षी लंडनच्या हॉटेलात पडून त्यांच्या मांडीच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण त्यानंतर ते पुन्हा चालले नाहीत.

एव्हाना मूत्रपिंडे थकत चालली होती. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की कोडीनपासून शरीरात तयार झालेली द्रव्ये बाहेर पडत नाहीत, साचत राहतात. पूर्वी झेपणारी मात्रा मग झेपेनाशी होते. वेदनाशामकाने मूत्रपिंड बिघडवायचे आणि बिघडलेल्या मूत्रपिंडाने वेदनाशामक अधिक जहाल करायचे, असा हा फास होता. साधी रक्ततपासणी तो दाखवू शकली असती. ह्यूज तपासणीला तयार होत नसत आणि आग्रह धरण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांना मेक्सिकोतील अकापुल्को येथे हलवण्यात आले. ५ एप्रिल रोजी शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्यांना विमानात घालून ह्यूस्टनकडे नेले जात होते. वाटेतच त्यांचे निधन झाले. पृथ्वीप्रदक्षिणेचा विक्रम करणारा वैमानिक विमानात वारला, या योगायोगाची वृत्तपत्रांनी भरपूर चर्चा केली. सहा फूट चार इंच उंचीच्या त्या देहाचे वजन सुमारे ४२ किलो भरले. ओळख पटवण्यासाठी बोटांचे ठसे घ्यावे लागले. क्ष-किरण चित्रांत दंडांमध्ये इंजेक्शनच्या सुयांची मोडलेली टोके दिसली. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण मूत्रपिंडांचा जुनाट विकार असे नोंदवले गेले. रक्तातील कोडीनचे प्रमाण सरावलेल्या नसलेल्या माणसाचा प्राण घेईल इतके होते, त्यामुळे कोडीनचा वाटा किती हा वाद पुढे बराच काळ चालला.

या प्रकरणाची न्यायालयीन तड १९७८ मध्ये लागली. औषध पुरवल्याबद्दल खटला भरलेल्या एका डॉक्टरला युटा राज्यातील ज्यूरीने निर्दोष ठरवले. दुसरा एक डॉक्टर आणि एक जुना सहायक यांनी लास व्हेगासमध्ये आपल्यावरील आरोप लढवले नाहीत. ह्यूज यांची वैद्यकीय कागदपत्रे अभ्यासलेले वेदनातज्ज्ञ डॉ. फॉरेस्ट टेनंट यांनी पुढे त्यांना व्यसनी मानण्यास हरकत घेतली. हा मुळात तीव्र, दीर्घ वेदनेचा रुग्ण होता आणि त्याच्यावर वेदनेचे नीट उपचार झालेच नाहीत, असे त्यांचे मत. हे मत विचारात घेण्यासारखे आहे. ह्यूज यांना कोडीन देऊ नये, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण मात्रा मोजणारा, जोडीदार औषधाचा हिशेब ठेवणारा आणि वेळ आली की दुसरा मार्ग शोधणारा डॉक्टर त्यांना मिळाला नाही. अथवा मिळालेल्यांचे त्यांनी ऐकले नाही. दोन्ही शक्य आहे.

फेनासेटिन १९८३ मध्ये अमेरिकी बाजारातून हद्दपार झाले आणि भारतातही बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत गेले. त्याची जागा पॅरासिटामॉलने घेतली. गंमत अशी, की फेनासेटिनचे शरीरात रूपांतर होते ते पॅरासिटामॉलमध्येच, हे ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखवून दिले होते. नव्या जोडीदाराने मूत्रपिंडाऐवजी यकृताची चिंता आणली. निरोगी प्रौढानेही २४ तासांत सर्व मार्गांनी मिळून ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये. यकृताचा विकार, नित्याचे मद्यपान किंवा वजन कमी असल्यास डॉक्टर ही मर्यादा आणखी खाली आणतात. ३२५ मिलिग्रॅमच्या १२ गोळ्यांतच ३.९ ग्रॅम भरतात. त्यात सर्दीवरची, तापावरची अशी वेगळ्या नावाची गोळी त्याच दिवशी घेतली तर मर्यादा नकळत ओलांडली जाते, कारण तिच्यातही बहुधा तेच द्रव्य असते. नाव न पाहता घटक वाचायचे, ते यासाठी. अमेरिकी औषध प्रशासनाने जानेवारी २०११ मध्ये अशा मिश्र गोळीतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमवर आणण्यास कंपन्यांना सांगितले. भारतात ट्रॅमाडोल २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. दात काढल्यानंतर किंवा हाड मोडल्यावर उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून पुढे कंबरदुखीसाठी घरातल्या दुसऱ्याला देण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. ज्याच्या शरीराला ते औषध माहीत नाही, त्याच्यासाठी ती मात्रा धोक्याची ठरू शकते.

ह्यूज यांचे अस्सल मृत्युपत्र सापडले नाही. एक बनावट मृत्युपत्र पुढे आले, तेही १९७८ मध्ये न्यायालयात टिकले नाही. वारसांचे दावे मग वर्षानुवर्षे चालले. १९५३ मध्ये आपल्या विमाननिर्मिती कंपनीचे समभाग देऊन त्यांनी एक वैद्यकीय संशोधन संस्था काढली होती. करबचतीची ती युक्ती असल्याची टीका तेव्हा झाली. तिच्या वैद्यकीय सल्लागार मंडळाची धुरा त्यांचे डॉक्टर मेसन यांच्याकडे होती. ही विमान कंपनी १९८५ मध्ये जनरल मोटर्सला पाच अब्जांहून अधिक डॉलरना विकली गेली आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट जीववैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या खासगी संस्थांपैकी एक बनली. ह्यूज यांचे दफन ह्यूस्टनच्या ग्लेनवुड दफनभूमीत आईवडिलांशेजारी झाले.